घरचा तबल्याचा रियाज : कूलर, फरशी, शेजार आणि एक स्वच्छ 'ना'

धंतोलीकर

घरी एकट्याने तबल्याचा रियाज करणाऱ्यांसाठी हा धागा. काय वाजवायचं ते गुरुजी सांगतात. पण घरी कुठे बसायचं, वाद्य कसं ठेवायचं, खालच्या मजल्याला त्रास न देता डग्गा कसा वाजवायचा, हे ज्याचं त्याने शोधायचं असतं. त्यात आपल्या नागपूरची हवा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, दुपारी हवेत ओल नावालाच, आणि संध्याकाळी कूलर लावला की तीच खोली दमट. जूनच्या मध्यापासून पाऊस, डिसेंबरात कोरडी थंडी. मुंबई-कोकणाच्या हवेसाठी दिलेले सल्ले इथे कामाला येत नाहीत.

घरच्या रियाजाचं सुख वेगळं आहे. समोर श्रोते नाहीत, गायकाला सांभाळायचं नाही, वेळेत समेवर यायचंय म्हणून धावायचं नाही. एक 'ना' (तबल्याचा एक बोल) वाजवायचा आणि त्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, विरेपर्यंत ऐकत बसायचं. पण त्यासाठी तबला सुरात हवा, खोली शांत हवी आणि हात सैल हवा. या तिन्हींबद्दल ज्यांना जे नक्की माहीत आहे ते बारकाव्यांसकट लिहावं.

सुरुवात माझ्या प्रश्नाने : कूलरच्या खोलीत अर्ध्या तासात तबला उतरतो (सूर खाली जातो), त्यावर काय करावं?

गजरा_१६

धंतोलीकर भाऊ, पुडी (तबल्याचं वाजवायचं तोंड) बकरीच्या कातड्याची असते. कातडं ओल पितं आणि सैल पडतं, ओल गेली की आखडतं. कूलर म्हणजे पाण्यातून काढलेली हवा. दुपारभर कोरड्या खोलीत ताणून बसलेली पुडी त्या हवेत आली की सैल पडणारच. ए.सी.चं उलट आहे, तो हवेतली ओल काढून घेतो, म्हणून ए.सी.च्या खोलीत तबला हळूहळू चढतो.

त्यामुळे कूलर सुरू करून लगेच तबला लावायला (सुरात मिळवायला) बसू नका. आधी २०-२५ मिनिटं कूलर चालू द्या. तबल्याची गवसणी काढून, पुडीवरची गादी काढून तो त्याच खोलीत ठेवा, पण झोताच्या बाहेर. झोतात ठेवला तर एका बाजूची चाट (पुडीच्या कडेची पट्टी) जास्त ओली होते आणि जागोजागी सूर वेगळा लागतो. तेवढ्या वेळात पुडी खोलीच्या हवेला सरावते. मग लावलेला सूर तासभर बऱ्यापैकी टिकतो.

त्याहून सोपं म्हणजे उन्हाळ्यात सकाळी ६ ते ७ मध्ये बसणं. तेव्हा कूलरशिवाय बसता येतं आणि खोलीतली हवा बदलत नाही. नवतपात (मे अखेरच्या तापत्या नऊ दिवसांत) तर दुसरी वेळ सांगवत नाही.

आता लावण्याबद्दल. घाईने ठोकून पुड्या फाटताना फार पाहायला मिळतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी फरक किती आहे ते ऐका. तानपुरा किंवा पेटीवर आपला सा धरा आणि चाटेवर 'ना' वाजवा. फरक अर्ध्या सुराहून जास्त असेल तर गजऱ्याला (पुडीभोवतीच्या चामडी वेणीला) हात लावू नका, गट्टे (चामड्याच्या वादीखालचे लाकडी ठोकळे) हलवा. गट्टे ८, गजऱ्याची घरं (वादीच्या ओळींमधले भाग) १६, म्हणजे एक गट्टा दोन घरांना ओढतो. गट्टा खाली सरकवला की वादी ताणते, सूर चढतो. वर घेतला की उतरतो. आठही गट्टे सारखे, थोडे थोडे सरकवायचे. एकच गट्टा खूप खाली आणि शेजारचा तसाच, असं झालं की पुडी तिरकी बसते आणि नंतर कितीही ठोका, सूर एक होत नाही.

फरक अर्ध्या सुराच्या आत असेल तर गजरा. वरून ठोकलं की चढतो, खालून वर ठोकलं की उतरतो. क्रम समोरासमोरचा ठेवा : घर १, मग ९, मग ५, मग १३. त्यानंतर ३, ११, ७, १५. प्रत्येक घरी दोनच हलके ठोके आणि लगेच त्या घरासमोरच्या चाटेवर 'ना' वाजवून ऐकायचं. ओळीने १, २, ३, ४ असं गोल फिरत ठोकलं तर शेवटच्या घरापर्यंत पहिलं घर पुन्हा सरकलेलं असतं.

हातोडी सरळ खाली यायला हवी. ती आतल्या बाजूला घसरली की चाटेवर बसते, आणि चाट जिथे गजऱ्याला मिळते तिथेच पुडी उलते. तशी चीर पडली की ती पुडी संपली.

ठायलय

गजरा दादांनी लिहिलंय त्यात एक भर. तबला लावताना कूलर बंद करा. ओलीसाठी म्हणत नाही, आवाजासाठी म्हणते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यावर चालणारी मोटार १०० हर्ट्झच्या आसपास गुणगुणते. पांढरी ५ चा (पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा) खालचा सूर ९८ हर्ट्झ, म्हणजे कूलर जवळपास पांढरी ५ धरून बसलेला असतो. तुमचा सा काळी १ असेल तर पांढरी ५ हा तीव्र मध्यम झाला. कानाशी सतत तीव्र मध्यम वाजत असताना षड्ज मिळवणं कठीण जातं, आणि चूक कुठे होते आहे ते कळतही नाही. दहा मिनिटं घाम सोसायचा, तबला लावायचा, मग हवं तर कूलर लावायचा.

मोबाईलवरच्या ट्यूनरवर फार विसंबू नका. तबल्याच्या आघातात वरचे स्वरांश इतके ठळक असतात की ट्यूनर कधी सा दाखवतो, कधी पंचम. तानपुऱ्याचा आवाज लहान ठेवून कानाने मिळवा. दोन सूर जवळ आले की त्यांच्यात एक लहर ऐकू येते, व्हंव-व्हंव अशी. ती सावकाश होत होत थांबली की सूर मिळाला.

धंतोलीकर

उपयोगी माहिती, धन्यवाद दोघांनाही. एक शंका. क्लासमधल्या मुलांकडे बऱ्याचदा साडेपाच इंची तबला असतो आणि शाळेच्या कार्यक्रमात पेटी पांढरी २ किंवा काळी २ मध्ये असते. तबला तिथवर ओढावा का?

गजरा_१६

नको. साडेपाच इंची पुडी पांढरी १ ते काळी १ च्या आसपास सुखाने राहते. पांढरी २ ला ओढली तर काही दिवस चालेल, पण आस तुटते आणि मे महिन्यात हवा कोरडी झाली की तीच पुडी आणखी अर्धा सूर चढून चाटेवर उलते. वरच्या पट्टीला सव्वापाच किंवा पाच इंची तबला घ्यावा. घरच्या रियाजाला उलट खालची पट्टी बरी. काळी १ चा तबला कानाला टोचत नाही आणि शेजाऱ्यांनाही कमी लागतो.

अनुनाद

तबल्याला सूर का असतो, हे एकदा समजून घेतलं तर रियाजात काय ऐकायचं तेही समजतं.

साधं कातडं ताणून बडवलं तर त्याचे वरचे स्वरांश मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० अशा वेड्यावाकड्या पटीत निघतात. ते एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून ढोलाला सूर लागल्यासारखा वाटत नाही. पुडीच्या मधल्या काळ्या शाईच्या वजनाने हे स्वरांश सरकतात आणि जवळजवळ १, २, ३, ४, ५ अशा सरळ पटीत येऊन बसतात. हे सी. व्ही. रामन यांनी दाखवलं. १९२० मध्ये एस. कुमार यांच्यासह त्यांचं टिपण आलं आणि १९३४ मध्ये सविस्तर निबंध. (हेच रामन अर्थखात्याच्या नोकरीत असताना १९१० मध्ये काही काळ नागपुरात होते. तबल्यावरचं १९२० चं काम मात्र कोलकात्याचं.)

आता 'ना' वाजवताना अनामिका शाईच्या कडेशी का टेकवतात? तिच्या स्पर्शाने पुडीचं सगळ्यात खालचं कंपन दबतं. त्याच्या वरच्या कंपनात पुडीच्या मधोमध एक रेघ स्थिर असते, आणि अनामिका नेमकी त्या रेघेवर टेकलेली असते, म्हणून ते कंपन मोकळं राहतं. अनामिका थोडी दाबली गेली की तेही मरतं आणि 'ना' ऐवजी 'टक' येतं. उचलली गेली की खालचं कंपन घुसतं आणि 'ना' फाटल्यासारखा येतो. म्हणजे अनामिकेने फक्त टेकायचं, भार द्यायचा नाही. घरच्या शांततेत हा फरक अगदी स्पष्ट ऐकू येतो. क्लासमध्ये दहा जण वाजवत असताना तो ऐकू येणं शक्यच नाही.

शेजाऱ्यांबद्दल. तबल्याचा आवाज भिंत आणि खिडकी बऱ्यापैकी अडवतात. त्रास होतो डग्ग्याचा, कारण त्याचा खालचा आवाज हवेपेक्षा फरशीतून जास्त जातो. स्लॅबच्या घरात टाइल्सवर थेट चुंबळ ठेवून 'घे घे' वाजवलं की खालच्या घरी वर कोणी टाच आपटतंय असं वाटतं. पडदे लावून यात काही फरक पडत नाही.

उपाय स्वस्तातला आहे. फरशीवर २ इंच जाडीचा घट्ट फोम, शक्यतो रिबॉन्डेड. त्यावर १८ मिलिमीटरचं प्लाय, साधारण २ बाय ३ फूट. त्यावर सतरंजी आणि मग चुंबळी. नुसता फोम ठेवला तर तबला डुलतो आणि हात भलतीकडे पडतो, म्हणून प्लाय हवंच. प्लायची कड भिंतीला टेकू देऊ नका, नाहीतर सगळी कंपनं तिथून भिंतीत जातात. वाद्य उंच झालं म्हणून स्वतःची बसायची गादीही तेवढीच उंच घ्या, नाहीतर खांदे वर चढतात.

कोपऱ्यात बसू नका. कोपऱ्यात खालचे आवाज फुगतात, डग्गा खोटाच भरदार वाटतो आणि शेजारीही जास्त ऐकू जातो. दोन्ही भिंतींपासून अडीच-तीन फूट सोडा. मागे पुस्तकांनी भरलेलं कपाट असेल तर फारच छान.

भाता

लहऱ्यासाठी (तबल्यासोबत फिरत राहणाऱ्या धुनेसाठी) घरात पेटी लागतेच, म्हणून तिच्याबद्दल थोडं.

हवा गळते का ते पाहायची रीत अशी : सगळे खटके बंद करा, भाता पूर्ण भरा, हात सोडा. चांगली पेटी बराच वेळ हवा धरते. भाता डोळ्यांदेखत खाली आला तर गळती आहे. कान जवळ नेऊन फुसफुस कुठून येते ते ऐका. बहुतेक वेळा भात्याच्या घडीच्या कोपऱ्यातलं चामडं गेलेलं असतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते कडक होऊन तडकतं.

पावसाळ्यात पट्ट्या फुगून चिकटतात. दाबली की वर येत नाही. जोराने ओढू नका, पट्टीखालची तार वाकते. पेटी दोन दिवस कोरड्या खोलीत उघडी ठेवली की बहुधा सुटते. एखादा सूर अचानक मुका झाला तर पितळी पत्तीखाली धुळीचा कण अडकलेला असतो. पत्तीच्या टोकाखालून पातळ कोरा कागद हलकेच सरकवून काढा. पत्ती खरवडू मात्र नका. टोकाशी खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. तेवढा हात कारागिरालाच असतो.

आणि लहरा वाजवताना भाता हाणू नका. जास्त दाबाने सूर किंचित उतरतो, आणि तबलेवाला बिचारा तबलाच चुकीचा समजून ठोकत बसतो. भाता लहान आणि सारखा. घरी पत्त्यांच्या नर-मादी दोन्ही ओळी उघडायची गरज नाही, एकच ओळ पुरते.

इतवारीचा_नाद

पावसाळ्याचं कोणी लिहिलंच नाही जी. पोळ्या-मारबतीच्या दिवसांत आठ-आठ दिवस झड लागते, तवा तबला असा बसतो की हातोडी मारून राहिलो तरी चढत नाही. लोक मग तबला गॅसजवळ नेतात, नाहीतर उन्हात ठेवतात. तसं करू नका बाप्पा!

गजरा_१६

अगदी बरोबर बोललात. शाई म्हणजे लोखंडाचा कीस आणि खळ यांचा लगदा, थरावर थर देऊन आणि प्रत्येक थर दगडाने घासून बसवलेला. ती एकसंध वडी नसते. घासताना तिच्यात बारीक भेगांचं जाळं तयार केलेलं असतं, त्यामुळेच ती कातड्याबरोबर हलू शकते. विस्तवाजवळ किंवा उन्हात कातडं भराभर आखडतं, खळ सुकते आणि शाईचे खवले सुटतात. एक खवला सुटला की 'तिन्'मध्ये झर्र असा आवाज येतो आणि मग तो जात नाही.

पावसाळ्यासाठी बंद कपाट, आत सिलिका जेलच्या पुड्या, वाद्य जमिनीपासून वर. पुड्यांचा रंग बदलला की त्या गरम करून पुन्हा वापरता येतात. काही जण कपाटात ४० वॅटचा बल्ब लावतात. तोही चालतो, पण बल्ब वाद्यापासून दोन फूट तरी लांब आणि खालच्या बाजूला.

पावसात सूर फार चढवायच्या मागे लागू नका. अर्धा सूर खाली लावून रियाज करा, तानपुरा त्याप्रमाणे घ्या. घरी कोण अडवतंय? पावसात ओढून चढवलेली पुडी ऑक्टोबरच्या उन्हात फाटते, कारण ओल जाते पण गट्टे तिथेच राहतात.

इतवारीचा_नाद

बल्बचं मला पटत नाही दादा. रात्री बल्ब, सकाळी कपाट उघडलं की पुन्हा झडीची हवा. कातडं रोज आखडणार, रोज सैल होणार. खोडालाही (तबल्याच्या लाकडी भांड्यालाही) ते बरं नाही. सिलिका जेल आणि गवसणी पुरे.

गजरा_१६

मान्य आहे. बल्ब रोज लावायचा तर दिवसरात्र लावावा लागेल, आणि तेवढं कोणी करत नाही. सिलिका जेलच बरं.

ठायलय

आता प्रत्यक्ष रियाजाकडे येते. घरी रोज ४० मिनिटं सलग मिळाली तर खूप झालं. ती कशी वापरायची, त्याचा एक आराखडा. हा दोन-तीन वर्षं शिकलेल्यांसाठी आहे.

पहिली पाच मिनिटं तबला लावण्यात जातात. ती वाया गेली असं समजू नका, कानाचा रियाज तिथेच होतो.

पुढची दहा मिनिटं सुटे बोल. लहरा मिनिटाला ६० मात्रांवर. एका मात्रेला एक 'ना', असे १६. मग १६ 'तिन्'. मग 'तिट'. वेग वाढवायचा नाही. ऐकायचं एवढंच, की सोळाही 'ना' एकाच वजनाचे आहेत का. तर्जनी चाटेवर पडते तेव्हा तिच्या पहिल्या पेराचा भाग सपाट बसायला हवा आणि बसल्याबरोबर स्वतःहून उडायला हवा. तापलेल्या तव्याला बोट लागल्यावर जसं आपोआप मागे येतं तसं. उचलायचं ठरवून उचललं तर उशीर होतो, आणि तेवढ्या उशिरात आस मरते. रात्री घर झोपलेलं असताना पंखाही बंद करून एक 'ना' वाजवून पाहा. आघाताचा टणत्कार लगेच संपतो, त्याच्यामागून बारीक तारेसारखा सूर निघतो, तो तानपुऱ्याच्या जोडीत जाऊन बसतो आणि कुठे संपला ते कळत नाही. तिथपर्यंत कान गेला की मग पुढचा वाजवायचा. या दहा मिनिटांतच सगळं सुख आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. बाकीची तीस त्याच्यासाठी.

त्यानंतर २० मिनिटं एकच कायदा (विस्तार करता येणारी ठरीव बोलरचना). दिल्लीचा सगळ्यांना येणारा घ्या :

धा धा ति ट | धा धा तिं ना
ता ता ति ट | धा धा धिं ना

६० मात्रांवर, मात्रेला एक अक्षर धरलं तर एक आवर्तन १६ सेकंदांत होतं, म्हणजे दहा मिनिटांत ३७ आवर्तनं. एवढी शांतपणे वाजवा. उरलेली दहा मिनिटं दुगुन (दुप्पट वेग) आणि एखादा पलटा (त्याच बोलांची फिरवाफिरव) :

धाधातिट धाधातिट धाधातिट धाधातिंना
तातातिट तातातिट धाधातिट धाधाधिंना

इथे तीन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, 'तिट'मधला 'ट' हलका पडतो. मध्यमा वजनाने पडते आणि तर्जनी नुसती शिवते. उपाय म्हणजे 'ट' मुद्दाम जड करून पाच मिनिटं वाजवणं, मग दोन्ही सारखे करणं. दुसरी, खाली (डग्ग्याविना वाजवायचा भाग) नीट येत नाही. 'ता ता ति ट' आणि 'तिं ना' इथे डग्गा पूर्ण गप्प हवा, पण डावा हात सवयीने गुंजत राहतो. डावा पंजा पुडीवर सपाट टेकवून ठेवा आणि फक्त 'धा' किंवा 'धिं' आला की उचला. खाली-भरीचा फरक ऐकू आला नाही तर तो कायदा कायदा राहत नाही. तिसरी, दुगुन आली की खांदे वर चढतात. मान ताठ झाली, श्वास अडला, की लगेच ठायीत (मूळ सावकाश वेगात) या.

शेवटची पाच मिनिटं नुसता तीनतालाचा ठेका, अगदी सावकाश. हात शांत करायला.

धंतोलीकर

ठायलय ताई, सुंदर लिहिलंत. वेग कधी वाढवायचा पण? मुलं एका आठवड्यात १२० वर जातात.

ठायलय

दहा आवर्तनं सलग, एकही बोल न पुसता आली तर ५ मात्रांनी वाढवा. कुठेही बोल चिकटला की १० ने खाली. वेग अडतो तो बहुतेक एकाच जोडावर, 'ट' वरून 'धा' कडे जाताना. पूर्ण कायदा पुन्हा पुन्हा वाजवण्यापेक्षा 'तिट धा' एवढाच तुकडा शंभर वेळा वाजवा. आणि पुढच्या बाहूत ओढ किंवा बोटांना मुंग्या आल्या तर त्या दिवशी थांबायचं. दुखणाऱ्या हाताने केलेला रियाज चुकीची ठेवण पक्की करतो.

इतवारीचा_नाद

रात्री वाजवायला तबल्यावर रुमाल टाकतात बरेच जण. चालते का जी?

अनुनाद

पाठांतरासाठी चालतं. पलटे डोक्यात बसवायचे असतील तर रुमालच काय, उशीवरही वाजवता येतं. निकासाच्या (बोल स्वच्छ काढण्याच्या) रियाजाला मात्र नको. रुमालाखाली आस ऐकूच येत नाही, मग हात जोर लावायला शिकतो आणि रुमाल काढल्यावर तबला कर्कश वाजतो. रात्री फक्त तबला वाजवा, हलक्या हाताने, आणि डग्ग्यावर जाड सुती कापड ठेवा.

वेळेचं म्हणाल तर ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत रात्र म्हणजे १० ते सकाळी ६, आणि निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. जवळून वाजवलेला तबला ५५ सहज ओलांडतो, त्यामुळे आकड्यांवर भांडण्यात अर्थ नाही. खालच्या काकूंना वेळ सांगून ठेवा, आणि ती वेळ रोज तीच ठेवा. ठरलेल्या वेळचा आवाज लोक सहन करतात, अवेळीचा करत नाहीत. परीक्षांच्या दिवसांत एकदा विचारून घ्यावं.

भाता

पावडरबद्दल एक राहिलं. उन्हाळ्यात हात घामाने ओला होतो म्हणून पुडीवरच पावडर ओतलेली दिसते. ती घामात कालवून शाईच्या कडेला जमते आणि 'तिन्' बसका येतो. चिमूटभर पावडर हाताला लावायची, पुडीला नाही. मांडीवर कोरडा नॅपकिन ठेवायचा आणि दर दहा मिनिटांनी बोटं पुसायची. रियाज झाला की पुडी मऊ कोरड्या फडक्याने पुसून मगच गवसणी. ओलं फडकं, तेल, मेण यांतलं काहीही पुडीला लावू नका.

धंतोलीकर

आणखी एक प्रश्न, मग माझे संपले. आवाज बरोबर येत नसेल तर दोष पुडीचा आहे की हाताचा, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

गजरा_१६

तबला लावून घ्या. मग हाताची कोणतीही ठेवण न करता, फक्त तर्जनीच्या टोकाने सोळाही घरांसमोर चाटेवर एकेक टिचकी मारा. सगळीकडे सूर एक आणि आस सारखी आली तर पुडी ठीक आहे, हातावर काम करा. एखाद-दुसऱ्या घरी सूर वेगळा असेल तर पुडी पुन्हा लावा. सूर एक आहे पण एकाच बाजूला आस लगेच मरते आहे, असं असेल तर तिथे चाट लवेपासून (चाट आणि शाई यांच्यामधल्या कातड्यापासून) सुटलेली असते किंवा खाली खोडाची कड झिजलेली असते. नखाने चाटेची आतली कड हलकेच उचलून पाहा. ती उचलली गेली तर तबला तसाच वाजवत राहू नका, पुडी बसवणाऱ्याकडे न्या. आणि झर्र असा आवाज शाईवरून येत असेल तर तबला कानाशी धरून शाईवर बोटाने हळू टिचक्या मारा, सुटलेला खवला नेमका कुठे आहे ते ऐकू येईल. त्या जागी खडूने खूण करून द्या, कारागिराला बरं पडतं.

ठायलय

गजरा दादा, एक सुचवते. टिचक्या मारायच्या आधी तबला अर्ध्या पावाने फिरवून पुन्हा वाजवून पाहा. उजव्या हाताखाली रोज तीच घरं येतात, ती आधी थकतात. दर आठवड्याला दोन घरं फिरवत गेलं तर पुडी सगळीकडून सारखी झिजते.

गजरा_१६

हो, आणि फिरवल्यावर गजरा पुन्हा मिळवायचा. १ आणि ९ पासून.